गिअरबॉक्सची तक्रार आणि बेदाण्यांची पिशवी

नातवंडांनो, तुमच्या आईने दिवाळीत मला अट घातली होती. गाडी वाटेत एकदा जरी बिघडली, तर माझं साताऱ्याहून सांगलीला गाडी चालवत जाणं बंद, आणि गाडी विकून टाकायची. मी लगेच कबूल केलं. गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे क्लच दाबायला नको म्हणून माझा डावा गुडघा खूश, आणि सर्व्हिसिंगची तारीख मी आजवर चुकवलेली नाही.

सांगलीला माझी थोरली बहीण असते. तिची नजर अधू झाल्यापासून मी दर पंधरवड्याला जाऊन तिला इंग्रजी रहस्यकथा वाचून दाखवते. या खेपेला शेवटचं प्रकरण राहिलं होतं. तिने फोनवर बजावलं होतं की खुनी कोण हे कळल्याशिवाय ती मरणार नाही, तेव्हा मी सावकाश यावं.

महामार्गावरच्या ट्रकांपेक्षा मला कडेगावचा आतला रस्ता बरा वाटतो. कडेगाव जवळ आलं आणि गाडीने हिसका दिला. समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिन ओरडत होतं, पण गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली होती. मी बाजूला घेऊन थांबवली, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केली, तेच.

शेजारी तुमचे आजोबा होते. ते शांतपणे म्हणाले, "झालं. आता लेकीला काय सांगणार आहेस?"

तुम्ही मागच्या खेपेला ठेवून गेलात ती गाडीच्या बिघाडाचे कोड वाचणारी काडेपेटीएवढी वस्तू मी स्टिअरिंगखालच्या खोबणीत लावली. मोबाइलवर दोन कोड आले. मी दोन्ही वहीत उतरवून घेतले आणि पडद्याचा फोटोही काढला. पहिला P0700. आजोबांनी साताऱ्यातल्या एका गॅरेजला फोन करून तेवढाच सांगितला. पलीकडच्या माणसाने बाकी काही न विचारता गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणून सांगितलं. आजोबांचा चेहरा पडला. माझाही पडला असता, पण P0700 ही नुसती दारावरची घंटा असते. आत काहीतरी तक्रार आहे, एवढंच ती सांगते. कसली, ते दुसऱ्या कोडवरून कळतं. आमचा दुसरा P0720 होता. गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा वेग मोजणारा सेन्सर असतो. त्याचा निरोप गाडीतल्या संगणकापर्यंत पोहोचत नव्हता. सेन्सर गेला असेल, किंवा त्याची वायर.

पुढे थोड्याच अंतरावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज दिसलं. हळूहळू तिथवर नेली. मालक लष्करातून निवृत्त झालेले, पिळदार मिशांचे. मी वहीतून क्रमाने वाचून दाखवलं: काय झालं, कधी झालं, वेग किती होता, तेल मागच्या सर्व्हिसिंगला बदललेलं आहे, आणि कोड मी अजून पुसलेले नाहीत.

"आवं बाई, तुमी शाळंत मास्तरीण हुता व्हय?"

विमा कचेरीत होते, असं सांगितलं. ते म्हणाले, तरीच. मग त्यांनी स्पष्टच सांगितलं, "ह्यो गिअरबॉक्स मी कवा उघडला न्हाई, आन् उघडणार बी न्हाई. पर वायर मला कळती. सगळी नोकरी त्यातच गेली."

मला त्यांचा तो नकारच आवडला. बॉनेट उघडून, टॉर्च तोंडात धरून ते वाकले आणि बराच वेळ हलले नाहीत. मग हात आत घालून त्यांनी एक घरटं बाहेर काढलं. कापूस, फोमचे तुकडे, आणि मधोमध नऊ-दहा बेदाणे.

"उंदराचं लय बेस चाललं हुतं," ते म्हणाले. "बेदानं खाल्लं आन् वर वायर खाल्ली."

आता कबुली माझी. बहिणीने तुमच्यासाठी दिलेली बेदाण्यांची पिशवी मी घरात ठेवली नव्हती, कारण आजोबांना साखर आहे. ती मी डिकीत, स्टेपनीखाली, दोरीने गच्च बांधून लपवली होती. डिकी उघडली तर दोरी सुटलेली आणि पिशवी अर्धी. गेले पंधरा दिवस आजोबा रोज सकाळी न सांगता गाडी पुसत होते, आणि मी शेजारणीकडे त्यांचं कौतुक करत होते.

आजोबा एकाग्रतेने रस्त्यापलीकडच्या उसाकडे पाहत होते.

वायर जोडून, वर आवरण चढवून झाल्यावर आम्ही कोड पुसले आणि विट्याच्या रस्त्याला एक फेरी मारली. सगळे गिअर नीट पडले, दिवा पुन्हा लागला नाही. सांगलीत बहिणीला पुस्तकाआधी हीच हकीकत सांगितली. घरट्यात बेदाणे निघाले म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "तुझा नवरा." पुस्तकातला खुनी मात्र तिला शेवटच्या पानापर्यंत ओळखता आला नाही.

रात्री तुमच्या आईला फोन करून सगळं सांगितलं. लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं, पण अट ती अट. तिने एवढंच विचारलं, "कोड पुसायच्या आधी लिहून ठेवले होतेस?"

"फोटोही आहे," मी म्हटलं.

ती हसायला लागली आणि अट बदलली. गाडी मी चालवायची. बेदाणे स्टीलच्या डब्यात, कुलूप लावून, आणि किल्ली तुमच्या आजोबांकडे द्यायची नाही.

तेव्हा तुम्हाला पाठवलेल्या पार्सलमध्ये यंदा बेदाणे थोडे कमी भरले, तर आजोबांना विचारा.