चौथ्या दिवसाचा कागद

सुहास गेल्याचं मला ज्या फोनवर कळलं, त्या फोनवर मी आधी थाप मारली. रविवार, सकाळचे सव्वासहा, आणि पडद्यावर त्याचं नाव. एवढ्या सकाळी त्याचा फोन म्हणजे "अव्या, खाली ये, सायकल काढ," हाच अर्थ गेली कित्येक वर्षं होता. त्यामुळे मी समोरच्याला बोलूच दिलं नाही. "आज नाही रे, गुडघा धरलाय," असं डोळे न उघडताच सांगून टाकलं. पलीकडून मेधावहिनींचा आवाज आला. "भाऊजी, सुहास गेला. बूट घालायला बसला होता." सिंगापुरातल्या आंग मो किओत आमच्या दोन घरांमध्ये तीन ब्लॉक आहेत. लिफ्टची वाट न बघता मी नऊ मजले जिन्यानं उतरलो आणि धावत सुटलो. त्यांच्या दारात पोचल्यावर लक्षात आलं, गुडघा एकदाही दुखला नव्हता.

त्याला सहा आठवडे झाले. अजून रविवारी सव्वासहाला जाग येते आणि मी फोनकडे बघत पडून राहतो.

सुहास मूळचा कराडचा. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत ऑडिटर होता. त्या ऑफिसातला एक फ्रेंच साहेब मायदेशी परतताना त्याला एक कॅलेंडर देऊन गेला. वर्ष संपलं, पण सुहासनं त्यातलं सप्टेंबरचं पान स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लावून ठेवलं. चित्रात पांढरे कडे, खाली हिरवी नदी, तिच्या कडेनं एक बारीक रस्ता आणि रस्त्यावर कुणीही नाही. नदीचं नाव सेले. ती पुढे लोत नावाच्या मोठ्या नदीला मिळते, एवढं त्यानं शोधून काढलं आणि तिथे सायकलीनं जायचं वेड डोक्यात घेतलं. "नदी कुठून निघते ते कुणीही सांगेल," तो म्हणायचा, "ती कुणाला जाऊन मिळते ते बघायला हवं." कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटताना बघत वाढलेला माणूस, संगम पाहिल्याशिवाय नदी पाहिली असं तो मानतच नसे. रविवारी आम्ही इथल्या कालांग नदीच्या काठानं सायकली हाणायचो. काठ सारखे कापलेले, गवत भांग पाडल्यासारखं. एकदा मी म्हणालो, हीच नदी काय वाईट आहे? तो म्हणाला, "ही नदी नाही रे, शिस्त लागलेलं पाणी आहे."

सरावाला नदी मिळाली तरी चढ कुठून आणायचा? सिंगापुरात चढ म्हणजे उड्डाणपूल. मग आम्ही आमच्या ब्लॉकशेजारचा मल्टिस्टोरी कार पार्क धरला. गोल गोल रॅम्पवरून सात मजले वर, सात मजले खाली, दर रविवारी दहा वेळा. रोज गाडी पुसायला येणाऱ्या एका चिनी आजोबांनी आम्हाला महिनाभर बघितलं आणि एक दिवस न राहवून विचारलं, "अंकल, यू लॉस्ट युअर कार, ला?" मी धापा टाकत होतो म्हणून उत्तर सुहासनं दिलं. "नो, अंकल. वी आर गोइंग टु फ्रान्स." आजोबांनी मान हलवली आणि पुढचे दोन रविवार ते आले नाहीत.

वाट दाखवणाऱ्या यंत्रांवर त्याचा विश्वास नव्हता. संगणकावरच्या नकाशात रस्त्यांचे फोटो दिसतात, त्यातून त्यानं अख्खं खोरं सिंगापुरात बसून पालथं घातलं होतं. रोज जेवणानंतर दोन-दोन किलोमीटर. मग प्रत्येक दिवसाचा एक कागद तयार केला, तळहाताएवढा, हँडलवर चिकटवता येईल असा. अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर असा : 'दगडी पूल. पुढे कपडे वाळत घातलेलं घर, तिथून उजवीकडे.' किंवा, 'इथे कुत्रा. (झोपलेला असतो.)' चार दिवस, चार कागद. मी पुढे राहायचं म्हणून ते माझ्या ताब्यात.

२०१४च्या सप्टेंबरात आम्ही गेलो. फिजाक नावाच्या गावात भाड्यानं सायकली घेतल्या. दुकानदार आम्हाला गाडीनं डोंगरात सोडणार आणि चौथ्या दिवशी चार वाजता संगमावरच्या पुलाशी न्यायला येणार, असं ठरलं. पहिले तीन दिवस कसे गेले काय सांगू... नदी शेजारून चाललेली, कधी डाव्या हाताला, कधी पूल ओलांडला की उजव्या. कड्याला चिकटलेली घरं, अक्रोडाची झाडं, दुपारी सगळ्या गावाच्या खिडक्या बंद. आणि मागून सुहासचा आवाज, "आता वळणावर निळं दार येईल बघ." आणि निळं दार यायचं. कपडे वाळत घातलेल्या घरासमोर खरोखर कपडे वाळत होते. कुत्रा मात्र जागा होता. तेवढ्या एका किलोमीटरला मी सुहासच्या पुढे नाही, बराच पुढे होतो.

तिसऱ्या मुक्कामी मी माझी अर्धी चड्डी बेसिनमध्ये धुतली. चौथ्या दिवसाचा कागद तिच्या मागच्या खिशात होता. पिळताना कणकेसारखी गोळी हाताला लागली, तेव्हा कळलं. खरं सांगून मोकळं व्हावं, एवढी अक्कल मला पन्नाशीतही आली नव्हती. सकाळी मी म्हणालो, "आज कागद लागतोय कशाला? मला पाठ आहे." सुहासनं माझ्या हँडलवर वाळत घातलेल्या चड्डीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असं? मग तू हो पुढे."

तो दिवस त्यानं मुद्दाम सोपा ठेवला होता, सगळा नदीकाठचा, संगमापर्यंत. मला 'डावीकडे' एवढं आठवत होतं. पहिलाच डावा रस्ता दिसला तो मी घेतला. तो चढायला लागला आणि चढतच राहिला. नदीकाठच्या रस्त्यावर दोन तास नदी दिसत नाही, याचं मला काहीच वाटलं नाही. वर पोचलो तर सपाट माळ. खुरटे ओक, रचलेल्या दगडांचे बांध, मेंढ्या. पाण्याचा थेंब नाही. सुहास बांधाला टेकून बसला, वहिनींनी दिलेला चिवडा काढला, आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. "झकास वाट आहे रे," म्हणाला. मी म्हणालो, "मग! उगाच आणलं का तुला?"

दुपारी आम्ही पलीकडे उतरलो ते लोतच्या काठच्या काजार्क गावात. समोर मोठी नदी होती. एकच. "दुसरी कुठंय?" सुहासनं अगदी शांतपणे विचारलं. दुसरी बरीच खाली, तासन्‌तास अंतरावर येऊन मिळत होती आणि तिथल्या पुलावर दुकानदार आमची वाट बघत उभा होता. फोन केल्यावर तो आला, सायकली गाडीत आदळल्या आणि फिजाकपर्यंत बोलत राहिला. आम्हाला एक शब्द कळला नाही, पण सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी विमान होतं. गाडीत सुहास माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पुढच्या वर्षी. नुसता चौथा दिवस."

पुढच्या वर्षी माझ्या मुलीची, सईची, परीक्षा होती. त्याच्या पुढच्या वर्षी ऑफिसात नवी सिस्टिम बसत होती. मग खरंच एकदा गुडघा. दर उन्हाळ्यात तो कॉफीचा पेला हलवत विचारायचा, "यंदा?" आणि मी म्हणायचो, "बघू." शेवटचं विचारलं ते जाण्याच्या आदल्या गुरुवारी. मी तेव्हाही 'बघू' म्हणालो. तो हसला आणि त्यानं माझ्या बशीतला उरलेला टोस्ट खाल्ला.

परवा वहिनींनी बोलावलं. त्याची सायकल दारासमोरच्या कॉरिडॉरमध्ये तशीच उभी आहे, चाकांत हवा आहे. स्वयंपाकघरात सप्टेंबर तसाच. मला राहवलं नाही. चार वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं : कागद मी धुतला, त्याचा संगम माझ्यामुळे राहिला. वहिनी उठल्या. सायकलच्या हँडलला अडकवायची त्याची छोटी पिशवी आणून त्यांनी टेबलावर रिकामी केली. पंक्चरचं सामान, चिवड्याचे चार दाणे आणि प्लास्टिकच्या पाकिटात चार कागद. कार्बनचं निळं अक्षर. शेवटच्यावर 'दिवस चौथा. पूल ओलांडू नये. डावीकडचा पहिला रस्ता घेऊ नये.'

"ऑडिटर माणूस एकाच प्रतीवर विसंबेल, असं वाटलं कसं तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे... त्या दिवशी हे त्याच्याजवळ होतं?"

"खिशातच. आल्यावर सांगितलं मला. म्हणाला, तीन दिवस मी आधीच पाहिलेलं बघत होतो, त्या माळाचा फोटो काही मी पाहिला नव्हता. आणि संगम राहिला तर अव्याला चुटपुट लागेल, मग तो परत येईल. तुम्हाला सांगायची बंदी होती."

मी कागद हातात घेऊन बसलो. डावीकडचा पहिला रस्ता घेऊ नये... म्हणजे मी कुठे चुकणार, हे त्याला इथे बसूनच दिसलं होतं. दिसलं नाही ते एवढंच, की चुटपुट लागूनही मी चार वर्षं 'बघू' म्हणेन.

"सप्टेंबरात मी जातो," मी म्हणालो. "चौथा दिवस करून येतो."

वहिनींनी तो कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि पाकिटात ठेवून पाकीट परत दिलं.

"जा. आणि सईला फोटो काढून पाठवा आधी या कागदाचा. ती ठेवेल जपून. तुम्ही चड्डी धुणारच."