सासूबाईंचा पदर आणि माझं धोरण

ऑफिसातल्या फजित्यांवर निदान अहवाल तरी निघतो. ही घरातली आहे, म्हणून तुम्हालाच ऐकावी लागणार. घ्या, चहा घ्या आधी.

मी सुरतेत एका सरकारी खात्यासाठी डिजिटल सेवांचं धोरण आखतो. नागरिकाला घरबसल्या सगळं मिळालं पाहिजे, हा माझा हेका. त्याच जोरावर मी हयातीच्या दाखल्याचं काउंटर बंद करवलं. मोबाइलसमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकवायचे, की झाला माणूस जिवंत!

माझ्या सासूबाई सुरतेतच, डिंडोलीत राहतात, मूळच्या धुळ्याकडच्या. दाखल्याचा शेवटचा दिवस उजाडला. तो चुकला की त्यांची पेन्शन अडकणार. बायको शाळेत शिकवायला गेलेली. म्हटलं, हात्तिच्या, आपणच करू की!

त्यांच्या घरी जाऊन मी फोन समोर धरला. सासूबाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढला.

‘चेहरा दिसत नाही,’ फोन म्हणाला.

“आई, पदर जरा वर घेता का?”

सासूबाई माझ्याशी थेट बोलत नाहीत. त्या भिंतीला म्हणाल्या, “जवाईसमोर तोंड उघडं? नही व माय!”

बरोबरच आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांचं नाकसुद्धा धड पाहिलेलं नाही. आता हे धोरणात कुठल्या कलमात घालायचं?

मग मी पाठ फिरवून बसलो आणि फोन खांद्यावरून मागे धरला. फोनने माझं टक्कल टिपलं. ‘चेहरा जुळत नाही.’ हात आणखी उंच केला, तर पंखा आला. पंख्याला डोळे मिचकवायला कोण सांगणार?

शेवटी सेवा लॉक! ‘जवळच्या काउंटरवर संपर्क साधा.’

मी घाईघाईने ऑफिसात क्लार्कला फोन लावला. “अरे, दाखल्याचं काउंटर किती वाजेपर्यंत?”

“काउंटर तो तमे ज बंध कराव्युं ने, साहेब!”

तेवढ्यात बायको शाळेतून थेट तिथेच आली. सगळं ऐकून म्हणाली, “अहो, फोन आईच्या हातात देऊन तुम्ही बाहेर का नाही गेलात?”

पेन्शन अडकलीच. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून.

सासूबाई रागावल्या नाहीत. दारात जाऊन शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, “मना जवाई सरकारमा मोठा सायेब शेतस. पन समोर बठेल बाई जित्ती शे का मरेल, ते त्यास्ले मोबाइलशिवाय समजत नही!”