नाव नसलेला प्याला

अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या वसुधाकाकूंच्या घरी चहा घ्यायचा म्हणजे आधी थोडं वाचन होतं. साखरेच्या डब्यावर धाकट्या दिराच्या मुंजीची तारीख, पेल्यावर 'आत्याकडून सप्रेम भेट'. पंचेचाळीस वर्षं इथे राहूनही बाईंनी पुण्याहून आणलेलं एकही भांडं टाकलेलं नाही. नाव घातलेली वस्तू टाकायची नसते, असा त्यांचा कायदा. मी त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा केली आहे आणि तेवढीच बोलणीही खाल्ली आहेत.

काकू पुण्यात जर्मन शिकल्या आणि इथे एका कंपनीत तीस वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करून रिटायर झाल्या. त्या जर्मनचा खरा उपयोग झाला तो शेजारच्या लोइस ॲडलरला. लोइस ज्यू, वय एकोणऐंशी. तिला जर्मनीतल्या एका म्युझियमचं पत्र आलं. १९३९ साली नाझी सरकारने ज्यूंना घरातली चांदी जमा करायला लावली होती. त्यातल्या काही वस्तू या म्युझियममध्ये पडून होत्या आणि आता ते वारस शोधत होते. लोइसच्या आजोबांच्या गावातून जमा झालेला एक चांदीचा प्याला त्यात होता, शुक्रवारी संध्याकाळी घरच्या प्रार्थनेला वापरतात तसा. तुमचा असेल तर वर्णन कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं.

लोइसचे आजी-आजोबा छावणीत मारले गेले. आधीच अमेरिकेला निघून आलेले वडील तेवढे वाचले. आजोबांचा हात लागलेली एकही वस्तू तिच्याकडे नव्हती. प्याल्याच्या किमतीशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. तो एकदा हातात धरायचा होता, एवढंच. वडिलांकडून ऐकलेलं सगळं तिने काकूंना सांगितलं. प्याला आजी-आजोबांना लग्नात मिळालेला. वडिलांनी लहानपणी तो तळघराच्या पायऱ्यांवर पाडला, तेव्हा काठाखाली पोचा आला. त्यात अंगठा बरोबर बसायचा, असं वडील सांगत.

काकूंनी झोकात अर्ज लिहिला, लोइसने सही केली, मी तो पोस्टात टाकला.

दोन महिन्यांनी नकार आला. आमच्या प्याल्यावर तुम्ही म्हणता तसं नाव कुठेही कोरलेलं नाही, तेव्हा तो तुमचा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

काकूंनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नावाबद्दल लोइस कधी बोललीच नव्हती. लग्नात आलेलं चांदीचं भांडं म्हटल्यावर त्यावर नाव असणारच, हे काकूंनी इतकं गृहीत धरलं होतं की त्या लिहून मोकळ्या झाल्या. आणि पोचा चक्क गाळला होता. चांगल्या घरच्या भांड्याची खोड परक्यांना कशाला सांगायची, म्हणून.

"अगं, तीस वर्षं एक स्क्रू इकडचा तिकडे केला नाही," त्या मला म्हणाल्या, "आणि नेमकी इथे माती खाल्ली."

मला त्या वेळी चेष्टा सुचली नाही. खरं सांगायचं तर थोडा रागच आला होता.

त्याच दुपारी त्या लोइसकडे गेल्या आणि मलाही ओढत घेऊन गेल्या. काही न लपवता त्यांनी सगळं सांगितलं. लोइसच्या हाताशी किती वर्षं उरली आहेत, हा विचार आम्हा तिघींच्याही मनात होता. मग तिने विचारलं, तुमच्याकडे खरंच प्रत्येक भांड्यावर नाव असतं? काकूंनी मान हलवली. मग हेच त्यांना लिही, असं लोइसने सांगितलं.

तसं पत्र मी आजवर वाचलेलं नाही. चूक भाषांतर करणारीची, अर्जदाराची नव्हे, ही पहिलीच ओळ. मग पुण्यात भांड्यांवर नावं कशी घालतात त्याची सविस्तर माहिती. शेवटी पोचा, अंगठ्याच्या मापासकट.

मे महिन्यात उत्तर आलं. पोचा तिथेच होता.

म्युझियमने पाठवलेलं खोकं उघडल्यावर लोइसने आधी अंगठाच टेकवला. तो बसला. ती रडली, काकू रडल्या, आणि मी चहा टाकायला म्हणून आत पळाले. परत आले तर दोघींची हुज्जत चाललेली. लोइसला प्याल्यावर आजी-आजोबांची नावं कोरून हवी होती. काकू म्हणत होत्या, इतक्या जुन्या चांदीला हात लावायचा नसतो.

लोइसने प्याला त्यांच्यापुढे सरकवला.

"त्यांना कबर नाही, वसुधा. त्यांचं नाव कुठेच कोरलेलं नाही. तू अर्जात लिहिलंस ना, नाव आहे म्हणून? आता ते खरं कर."

काकूंनी डिसेंबरचं पुण्याचं तिकीट काढलेलं होतंच, आणि तिथला नावं घालणारा त्यांचा नेहमीचा होता. स्वेटरच्या बाहीने डोळे पुसून त्यांनी कागद-पेन पुढे ओढलं.

"स्पेलिंग नीट सांग," त्या म्हणाल्या. "या वेळी मी मनाचं काही घालणार नाही."