आधारभाऊचा शेवटचा अँटेना

जामनेरात एक काळ असा होता की रविवारी कुठल्या ना कुठल्या घराच्या धाब्यावर, छतावर चढलेला आधार दिसायचाच. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि अँटेना लावायला माणूस हा. वर तो पाइप फिरवायचा, खाली त्याची बायको पार्वताबाई टीव्हीसमोर उभी राहून ओरडायची.

"आलं का?"

"मुंग्या येतेत!"

"आता?"

"आलं, आलं! आता हालू नका!"

सगळी गल्ली हसायची. बायकोला कामावर सोबत नेणारा असा कारागीर मी दुसरा पाहिला नाही. मी चिडवायचो, तर म्हणायचा, "रुपाभाऊ, खालून कोणी सांगणारं असलं तरच वरच्याले समजते."

मग घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या, मग मोबाइल आले आणि धंदा बसला. मी चार्जर विकून तगलो. आधार वायरिंग, रंगकाम, मिळेल ते करत राहिला आणि त्यावर एकुलत्या एका पोरीला शिकवलं. प्राची इंजिनिअर झाली, धुळ्याच्या कॉलेजात शिकवू लागली, आणि पीएचडीला बाईनं विषय कोणता घ्यावा? अँटेना! ते ऐकून आधारच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लबाडानं ते माझ्याच शर्टाला पुसलं.

गेल्या वर्षी त्याची फुप्फुसं सुकत चालल्याचं निघालं. जळगावच्या डॉक्टरांनी शेवटी घरी न्यायला सांगितलं. झोपेत श्वास अडायचा, आणि कातडी अशी पातळ झालेली की छातीला काही चिकटवलं तर सालपट निघायचं. तेव्हा प्राचीनं स्वतः बनवलेली वस्तू आणली. बिस्किटाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर तांब्याचे चार चौकोन. ती तिनं खाटेच्या बरोबर वर छताला लावली. पट्टीतून लहरी निघतात, छातीवर आपटून परत येतात, आणि छाती हलली की धुळ्यात तिच्या मोबाइलवर रेघ हलते. अंगाला काही लावायचं नाही. रेघ मिनिटभर थांबून राहिली किंवा पट्टी बंद पडली, तर तिचा मोबाइल वाजणार.

आधारनं पडल्या पडल्या बराच वेळ वर पाहिलं. "हे अँटेना? याच्यावर कावळा त बसंल का?"

प्राची हसली, पण आईला तिनं बजावून सांगितलं, "माय, तू या खाटेवर निजू नको बरं. याला माणूस ओळखता येत नाही, पंख्यानं चादर हलली तरी हे फसतं. तुझाही श्वास हे आबांचाच धरेल."

मे महिन्यात पीएचडीची तोंडी परीक्षा लागली. आबांच्या दुखण्यापायी तिनं ती दोनदा पुढे ढकलली होती, आणि बाहेरगावचे परीक्षक आता पुन्हा येतीलच याचा भरवसा नव्हता. तरी पोरगी हलेना. आपण तिकडे आणि आबा इकडे गेले तर, एवढीच तिला धास्ती. आधारनं जेवणाचं ताट सरकवून दिलं. "तू जाशीन तव्हाच जेवीन." बाप हट्टी, लेक त्याहून हट्टी. शेवटी पार्वताबाई म्हणाल्या, "जाय माय. मी हाये ना इथं. काही झालं त तुह्या मोबाइलले समजंलच."

ती गेली.

परीक्षेच्या दिवशी दुपारी मी ताकाचा तांब्या घेऊन गेलो. दार लोटलेलं होतं. अशा उन्हात पंखा बंद. पार्वताबाई खाटेवर आधारला अगदी लागून, छताकडे तोंड करून सरळ पडलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मागे फिरणारच होतो. तेवढ्यात आधारचा उघडा जबडा दिसला. तांब्या मी दाराशीच ठेवला.

आमच्याकडे जीव गेला की माणसाला आधी खाटेवरून जमिनीवर घेतात. तोंडात तुळशीचं पान नि पाणी घालतात, आणि घरची बाई असा हंबरडा फोडते की गल्ली गोळा होते. इथं त्यातलं काहीच नव्हतं. मी तोंड उघडणार तोच बाई पुटपुटल्या. नजर पट्टीवरच होती.

"रुपाभाऊ, कोणाले आत येऊ देऊ नका. पोरीची परीक्षा व्हऊ द्या."

मी उंबऱ्यात जाऊन बसलो. शेजारीण डोकावली, तिला "निजलाय" म्हणून परत लावली. नंतर मात्र मला आवरेना. तोंडात रुमाल कोंबून मी रडलो. माझा जन्माचा मित्र आत मरून पडला होता आणि मला त्याच्या पायालाही हात लावता येत नव्हता. आत बाईंचा श्वास चालला होता, एकासारखा एक.

उशिरा कधीतरी खिडकीतला त्यांचा फोन वाजला. मी उचलून "बोल पोरी" म्हणालो.

"रुपाकाका, झालं! पास झाले! आबांना सांगा ना. जागे आहेत का?"

पार्वताबाईंनी ते ऐकलं. त्या हळूच खाटेवरून उतरल्या, भुईवर बसल्या आणि त्यांनी आधारचा हात कपाळाला लावला. थोड्या वेळानं फोनमध्ये, तिकडे धुळ्यात, घंटा वाजू लागली.

"काका, हे का वाजतंय?"

तेव्हा कुठे बाईंनी हंबरडा फोडला.

संध्याकाळी प्राची आली. बायका ओसरीवर कुजबुजत होत्या, बाईनं मढं खाटेवरच ठेवलं म्हणून. पोरगी आधी बापाच्या छातीवर पडून रडली, मग उठून आईवरच धावली. "मला का नाही बोलावलंस? खड्ड्यात गेली असती परीक्षा!" तिनं मोबाइल काढून रेघ पुढे धरली. सकाळभर ती वेडीवाकडी होती, मग जराशी थांबलेली, आणि त्यापुढे संथ.

"आत जाण्याआधी मी ही पाहिली, माय. मला वाटलं, आबांना आज बरं वाटतंय. मी खुशीत आत गेले." तिनं मोबाइल खाली टाकला. "इतका वेळ तू त्यांच्याजवळ पडून होतीस, आणि एकदाही रडली नाहीस?"

"कशी रडू माय?" पार्वताबाई म्हणाल्या. "हालली असती, त तुले समजलं असतं."