मंगलचा ऊस आणि माझा प्रोग्राम

रांजणगावला कंपनीत फोन आला, तेव्हा मी हजेरीचे कागद छापत होतो. मंगलचा भाऊ बोलत होता. यवतजवळ ट्रकनं तिच्या दुचाकीला उडवलं, ती जागीच गेली, असं त्यानं नीट सांगितलं. आणि मी मूर्खासारखं विचारलं, "मग उद्या कॉलेजला जाणार का ती?" महिना झाला, अजून काही सुचत नाही...

शिरूरच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. पुढं ती दौंडला वनस्पतिशास्त्र शिकवू लागली, मी कंपनीत कॉम्प्युटरवर बसलो. वडगाव रासाईला आबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या मळ्यात तिनं गावोगावचं जुनं उसाचं बेणं मागून आणून एक तुकडा लावला होता. त्या गावांत आता तो ऊस कुणी लावत नाही. भाऊ म्हणायचा, सगळा एकच ऊस हाय, नांगर फिरवतो. शेवटी दोघांत ठरलं, कॉम्प्युटर सांगेल ते खरं, सारखा निघाला तर नांगर. तिनं पुण्याच्या प्रयोगशाळेतून प्रत्येक बेटाच्या डीएनएच्या पट्ट्यांचे फोटो आणले, आणि प्रोग्राम लिहायचं माझ्या गळ्यात पडलं.

मी पुस्तकात होता तसा लिहिला. माणसात एका जनुकाच्या दोन प्रती, म्हणून माझा प्रोग्राम दोन ठळक पट्ट्या घ्यायचा, बाकीच्या सोडून द्यायचा. उत्तर आलं, सगळा ऊस सारखाच. मंगलनं कागद पाहिला. म्हणाली, "अरं, ऊस म्हंजी माणूस न्हाई. आठ-आठ, दहा-दहा प्रती असत्यात त्यात. तू दोन बघून मोकळा झालास." मला राग आला. एवढं कळतं तर तूच लिही, म्हणालो. ती भांडलीसुद्धा नाही. तीन महिने मी फोन केला नाही. काय मिजास होती माझी.

ती गेल्यावर बसलो आणि सगळ्या पट्ट्या मोजणीत घेतल्या. ऊस वेगवेगळा निघाला, चांगला सात-आठ जातींचा. कागद घेऊन तसाच वडगावला गेलो. तुकडा नांगरलेला होता. तिनं भावाला दिलेला शब्द पाळला होता. ट्रॅक्टर फिरला तेव्हा ती बांधावर उभी होती म्हणे.

आबांनी कागद खालीवर पाहिला. "ह्याला किती दिस लागलं?"

"दोनच संध्याकाळी लागल्या, आबा."

ते आत गेले, तिच्या टेबलावरच्या न तपासलेल्या पेपरांवर तो कागद ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर तिचा डस्टर ठेवला. "आली की वाचंल," म्हणाले... आणि दारातच थांबले.