नवसाची वेणी

लहानपणी माझी वेणी कमरेपर्यंत येत होती. मी मुलगा आहे हे ज्याला त्याला सांगावं लागे, आणि सांगूनही काही लोकांचा विश्वास बसत नसे. गावातली पोरं मला बाई म्हणत. मी दगड उचलला की पळत, आणि लांबून पुन्हा बाई म्हणत.

माझ्याआधी आईला झालेलं एकही मूल जगलं नव्हतं. कोणी पाचवी पुजायच्या आधी गेलं, कोणी रांगता रांगता. मी पोटात असताना ती डोंगरावरच्या देवाकडे चालत गेली आणि बोलून आली. हे जगू दे, सातव्या वर्षी माघाच्या जत्रेत याचे केस तुझ्या पायाशी आणून वाहीन, तोवर डोक्याला लोखंड लावणार नाही. तेव्हापासून आईच्या लेखी माझा जीव त्या केसांत होता. मला ताप आला की ती आधी कपाळाला हात लावत नसे, वेणी चाचपून बघे.

वडिलांना या सगळ्याचा वैताग होता. ते धानाची शेती करत, पण पोरानं चिखलात उतरू नये, टेशनावर खुर्चीत बसावं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. वेणीसकट मला घेईल अशी शाळा जवळपास एकच होती, रेल्वेलाइनीपलीकडची मिशनची. पहिल्या वर्षी तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरनं माझी वेणी हातात घेऊन तोलून पाहिली आणि हसली. ती गोव्याकडची होती, नवस म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. ते वर्ष सुखात गेलं. वेणी असूनही तिनं मला मुलींच्या बाजूला बसवलं नाही, हे तिचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा ती नव्हती. तिच्या जागी एक नवी गोरी सिस्टर आली होती, साता समुद्रापलीकडची. हिंदीचे मोजके शब्द तिला येत. रोवणीचे दिवस होते. धानाची रोपं, आमच्याकडचे पऱ्हे, लावायला आई सकाळीच बांधीतल्या चिखलात उतरायची, पण त्या दिवशी नव्या वर्गात जायचं म्हणून तिनं थांबून माझी वेणी घातली आणि नवी लाल फीत बांधली. जत्रा आता सहा-सात महिन्यांवरच होती. "माघापतूर केस सांभार," एवढंच ती म्हणाली.

प्रार्थना झाल्यावर पोरांना चिंचेखाली बसवलं. नवं वर्ष, नवा नियम. उवा आणि खवडे फार झाले होते म्हणून सगळ्या पोरांची डोकी भादरायची ठरली होती. न्हावी आमच्याच भागातला होता. माझी पाळी आली तसा त्यानं वस्तरा मिटला.

"हे नवसाचे केस होत, सिस्टर. मी हात नाही लावत."

सिस्टरला त्यातलं 'नाही' तेवढं कळलं. तिनं माझे केस बाजूला सारून पाहिलं. उवा होत्या, खोटं कशाला बोलू. तिनं आतून कापड कापायची कात्री आणली. मी दोन्ही हातांनी वेणी धरून ठेवली आणि म्हणालो, "मैं मर जाऊँगा."

ती हसली. वाईट हसली असती तर मी तिला चावलो असतो, पण ती मायेनं हसली. "बाल फिर आएगा, बच्चा," म्हणाली आणि माझी बोटं एकेक करून सोडवली.

सगळ्यांचे केस झाडून एका जागी केले आणि रॉकेल टाकून पेटवले. माझी वेणीही त्यातच गेली, फितीसकट. तो वास मी आजही ओळखतो.

बांधीत कोणीतरी सांगावा नेला असणार. आई मांडीपर्यंत चिखलानं भरलेली, हातात पऱ्ह्यांची जुडी तशीच घेऊन धावत आली. सिस्टर पुढे झाली, पण आईला ती दिसलीच नाही.

"केस कोठी हायेत?" तिनं मला विचारलं.

मी राखेकडे बोट दाखवलं. तिनं जुडी खाली ठेवली आणि राखेत हात घातले. राख अजून कढत होती. ती चाळत राहिली, पण न्यायला काहीच उरलं नव्हतं. मग तिनं न्हाव्याकडे पाहिलं. तो आपली पेटी आवरत होता, आणि आवरून झाली तरी आवरत राहिला.

त्याच संध्याकाळी मला ताप भरला. आमच्या भागात त्या दिवसांत घरोघरी ताप असे. वडील म्हणाले, "साऱ्या गावाले येऊन राहिला. यालेच का नवा आला?"

"याले न्याले आला," आई म्हणाली.

मलाही तसंच वाटत होतं. जन्मल्यापासून जे ऐकलं होतं तेच खरं, दुसरं काय माहीत होतं? हुडहुडी भरली की मी डोक्याला हात लावून पाही, आणि तिथं काही नसे. मी विचारलं, "माय, मी मरून राहिलो का?" एरवी असलं अभद्र बोललो की पाठीत धपाटा बसायचा. मी त्या धपाट्याची वाट बघत होतो. तिनं हात उचललाच नाही, नुसती माझ्याकडे बघत बसली.

सकाळी ती घरात नव्हती. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर परत आली, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला. वडील ओरडले, "रोवणी टाकून कोठी गेली होती?"

तिनं पदर काढला. डोक्यावर केस नव्हते. कुठे खुंट, कुठे रक्ताची खपली. नवरा जिवंत असलेल्या बाईच्या डोक्याला वस्तरा लावायला कुठला न्हावी धजावेल? आमच्याकडे तेव्हा विधवेचेच केस काढत. तिनं धान कापायच्या इळ्यानं स्वतःच कापले होते.

"देवाले केस देल्ले," ती म्हणाली. "याचे नव्हते, मंग माहे देल्ले."

वडील उंबऱ्यावर बसले ते उठेचनात. तिथूनच म्हणाले, "मी जित्ता हाव अजून."

"तुमी जित्ते हा. आता हा बी जित्ता राहीन."

माझा ताप उतरला. देवामुळे की काढ्यामुळे, हा वाद मी कधी घातला नाही. आईसमोर घालायची माझी काय टाप होती?

पण गावानं तिला सोडलं नाही. रोवणीला बाया खांद्याला खांदा लावून ओळीत वाकतात. आई ओळीत शिरली की तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी पडे. हळदीकुंकवाला तिला बोलावणं बंद झालं. जित्या नवऱ्याचं कुंकू पुसलं हिनं, असं म्हणत. पुढे पुष्कळ वर्षांनी ती वडिलांच्या आधी गेली, तेव्हा सवाष्ण मेली म्हणून याच बाया तिच्या कपाळाला कुंकू लावायला दारात जमल्या. मी बाजूला झालो आणि त्यांना आत जाऊ दिलं. तोंड उघडलं असतं तर आवरलं नसतं.

माझा ताप उतरल्यावर वडील म्हणाले, आता ती शाळा नको. आईनंच मला हाताला धरून नेलं. "केस त गेलेच," ती म्हणाली. "आता शारा बी जाऊ देऊ का?"

सिस्टर व्हरांड्यात उभी होती. आईनं तिच्यासमोर पदर मागे घेतला. "सांग इले, मी काऊन कापले ते."

मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. माझ्याआधीची सगळी भावंडं कशी गेली तेही सांगितलं. सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं आम्हाला दाराआड नेलं आणि आपल्या डोक्यावरचं कापड मागे सारलं. तिचेही केस कापलेले होते, तांबूस, बोटभर, वेडेवाकडे. तिनं आधी त्यांना हात लावला, मग वर आभाळाकडे बोट केलं.

आई बघत राहिली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले.

"इचार इले," ती मला म्हणाली, "इचं कोनतं लेकरू आजारी होतं?"

मी विचारलं. सिस्टर मान हलवत म्हणाली, "कोई नहीं. मेरा कोई नहीं."

ते मला आईला उलगडून सांगावं लागलं नाही. आईनं आपले भाजलेले हात पुढे केले आणि सिस्टरच्या डोक्यावरचं कापड नीट कपाळापर्यंत ओढलं.

"झाक, माय," ती म्हणाली. "लोक पाह्यतीन."