झिजलेली दाढ

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज दातांच्या डॉक्टरीणबाई आरसा धरून म्हणाल्या, "आजोबा, दाढा पार सपाट झाल्यात," आणि मी जीवाश्मांवर संशोधन करायचो तेव्हा आफ्रिकेतून आलेली एक जीवाश्म दाढ आठवली. इवलीशी, उंदराची. उंदरांच्या दाढांवर असतात तसे उंचवटे तिच्यावर नव्हते, म्हणून मी ती नामशेष झालेल्या एका नव्या प्रजातीची ठरवली.

माझी सहकारी वसुधा बैठकीत म्हणाली, "सर, हा आपल्या माहितीतलाच उंदीर आहे. म्हातारा झालेला."

"तुला बरे म्हातारे ओळखता येतात!" मी म्हणालो. सगळे हसले. त्यानंतर ती कुठल्याच बैठकीत बोलली नाही.

पुढे त्याच माहितीतल्या उंदराच्या, उंचवटे अर्धवट झिजलेल्या दाढा सापडल्या. तिचंच खरं होतं.

आरशातलं तोंड मलाही परकं वाटलं. पण होतो मीच. वय एवढंच करतं.

वसुधा आता नाही. "तो म्हाताराच होता गं, मला माफ कर," एवढं म्हणायचं राहिलं.